सोबतचे तात्या

"पेशंट कोण?" डॉक्टर विचारतात.

खोलीत तिघं शिरलेले असतात आणि स्टूल एकच असतं. तात्या त्या स्टुलावर बसतात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात आणि म्हणतात, "सांगतो."

पेशंट म्हणजे आमच्या गावातली कुणी तरी मावशी. ती मागं भिंतीला टेकून, तोंडाला पदर लावून उभी असते. तिचा नवरा दाराशी चपला काढाव्यात की घालून यावं या विचारात असतो. तात्यांची तब्येत खणखणीत. तरी डॉक्टर नवीन असले तर पहिली नाडी तात्यांचीच बघतात, आणि तात्या ती बघू देतात. नाही म्हणून शिकलेल्या माणसाचा अपमान कशाला करा!

आमचं गाव धारूर आणि केजच्या मधे, बालाघाटाच्या डोंगराला चिकटून, कुठं तरी आहे. सीताफळं उदंड, पाणी बेताचं, डॉक्टर नाही. माझं एक छोटं मेडिकल आहे, तेवढीच काय ती आरोग्यव्यवस्था. आजारी माणसानं आधी घरात सोसायचं, मग माझ्याकडून डोकेदुखीची गोळी न्यायची, आणि तिनं भागलं नाही की तात्यांना निरोप धाडायचा: "सोबत यायचंय." दवाखाना कोणता, डॉक्टर कोणता, हे एसटीत बसल्यावर ठरतं. सोबत आधी ठरते.

तात्या जुनी सातवी शिकलेले. निजामाच्या राज्यात जन्मले, आधार कार्डावर १ जानेवारी १९४७. त्यांच्या पिढीतलं निम्मं गाव १ जानेवारीलाच जन्मलेलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली आणि तात्यांच्या कारकिर्दीला खरा बहर आला. पुढं मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. "बघ," तात्या मला म्हणाले, "पेशंटला अर्धं, सोबत्याला फुकट. दोघांत महत्त्वाचा कोण, ते सरकारनंच लिहून दिलं." या कामाचा ते पैसा घेत नाहीत. स्टँडवर एक चहा, एक भज्याची प्लेट आणि परतीच्या गाडीत खिडकी, एवढाच मोबदला. खिडकीबाबत मात्र तडजोड नाही. पेशंटला ओकारी येत असली तरी.

त्यांच्या खांद्याला खताच्या गोणीची शिवलेली एक पिशवी असते. तिच्यात अख्ख्या गावाच्या फायली, रक्ताचे रिपोर्ट आणि एक्स-रे. आमच्याकडं एक्स-रेला फोटो म्हणतात, त्यामुळं तात्यांच्या पिशवीत गावाचा अल्बम आहे असं म्हणायला हरकत नाही. एकदा एका आज्जीच्या गुडघ्यासाठी त्यांनी भलत्याच घरचा फोटो काढून डॉक्टरांपुढं धरला. डॉक्टरांनी तो उजेडाला लावून बराच वेळ निरखला आणि विचारलं, "आज्जी, हाताला फ्रॅक्चर कधी झालं होतं?" आज्जीनं आपले दोन्ही हात वरखाली करून पाहिले. "मला कुणी सांगितलंच न्हाई," ती म्हणाली.

यात हसण्यासारखं आहेच, पण आज्जीचं वाक्य मला नीट आठवतं. तिच्या शरीराची बातमी तिला सगळ्यांत शेवटी कळते, याची तिला सवय होती.

तात्यांचं खरं काम दुभाष्याचं. आमच्या भागात दुखणं एका शब्दात मावत नाही. गुडघ्यात ठणका असतो, पोटरीत रग, पाठीत चमक, कमरेत उसण, गळवात ठसठस, तळपायाची आग, छातीत कळ, पोटात गुबारा. हातपाय गळाटतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, जीव घाबरा होतो. ही नुसती बोलीची हौस नाही. ठणका आणि चमक यांत नस आणि सांधा यांच्याइतकं अंतर आहे, आणि ज्या डॉक्टरला ते कळतं त्याचा निम्मा तपास बाई बोलत असतानाच होऊन जातो. पण बाई बोलेल तर ना. मावशी एसटीत शेजारणीला सगळं रंगवून सांगते: कोंबडा आरवायच्या वेळी कळ उठते, पाण्याची घागर उचलली की वाढते, बसलं की जरा बरं वाटतं. तात्या हे पुढच्या सीटवरून ऐकतात, मनात घोळवतात, आणि खोलीत गेल्यावर डॉक्टरांना आपला अर्क सादर करतात.

"वात हाय, साहेब."

"तुम्हाला?"

"हिला."

डॉक्टरकडून पेशंटकडं येताना मात्र मजकूर आटत नाही, वाढतो. डॉक्टर म्हणाले, "शुगर वाढली आहे, गोड बंद करा, रोज चाला." एवढं वाक्य गावच्या पारापर्यंत येईस्तोवर त्याचं कीर्तन झालेलं असतं. "डाक्टर म्हणले साखर बंद. गुळाचं नाव काढलं न्हाई. म्हंजी गूळ चालतो." ऊसवाल्या मुलखात या निरूपणाला विरोध कोण करणार? माझ्या दुकानातून महिनाभर शुगरच्या गोळ्या जात राहिल्या आणि समोरच्या किराणा दुकानातून ढेपा.

चिठ्ठीवरचं १-०-१ हे आणखी एक प्रकरण. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक, असा त्याचा अर्थ. तात्यांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा एकशे एक वाचलं आणि आहेराचा आकडा म्हणून खूश झाले. तेवढ्या गोळ्या मागायला माझ्याकडं आले, म्हणून वाचलो सगळेच. भारतीय वैद्यक परिषदेनं २०१६ साली नियम दुरुस्त केला, औषधाचं नाव वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा म्हणून. तेव्हापासून अक्षर बरंच सुधारलं, खोटं कशाला बोलू. पण कॅपिटल असो की किरटं, मावशीला दोन्ही सारखीच.

जेवणानंतरच्या गोळीची कथा तर प्रत्येक मेडिकलवाल्याला माहीत असेल. चिठ्ठीवर 'जेवणानंतर' लिहिलेलं. मावशीची एकादशी, गुरुवार, शिवाय संकष्टी. जेवण नाही, तर जेवणानंतरचं कुठून येणार? महिन्यात सात-आठ दिवस गोळी चुकायची. डॉक्टर डोस वाढवत नेत होते आणि त्यांना कळत नव्हतं की बीपी दर गुरुवारी का चढतो. उपास धरता का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आणि 'नॉर्मल' हा शब्द. तात्यांच्या शब्दकोशात नॉर्मल म्हणजे संपलं. एका भाऊसाहेबांचा बीपी मोजून डॉक्टर म्हणाले, "आता नॉर्मल आहे." औषधामुळं नॉर्मल आहे, औषध चालू ठेवा, हा पुढचा भाग डॉक्टरांना इतका उघड वाटला की तो त्यांनी उच्चारलाच नाही. तात्यांनी फाट्यावर उतरताच जाहीर केलं, "बीपी गेला." गोळ्या बंद. तीन महिन्यांनी बीपी परत आला तो एकटा आला नाही. भाऊसाहेबांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. तोंड पुढं सरळ झालं. हात अजून चहाचा कप धरताना सांडतो.

डॉक्टरांची बाजूही सांगायला हवी, कारण ते माझं गिऱ्हाईक नसले तरी माझं पोट त्यांच्यावर चालतं. सकाळच्या ओपीडीत दीडशे डोकी, प्रत्येकाबरोबर दोन माणसं, वर पंखा बंद. जगातल्या ६७ देशांतल्या डॉक्टरांनी एका पेशंटला किती वेळ दिला याचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. आपण दोन मिनिटांच्या आसपास. मी हे तात्यांना सांगितलं तर त्यांना स्वीडनची कीव आली. "बावीस मिन्टं? रोगच सापडत नसंल बिचाऱ्यांना."

अंबाजोगाईला मराठीतले आद्यकवी मानले जाणारे मुकुंदराज यांची समाधी आहे. त्याच गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, पेपरवाल्यांच्या भाषेत 'स्वाराती'; आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ख्याती. बीडच काय, शेजारच्या जिल्ह्यांतलीही गोरगरीब माणसं तिथं बरी होऊन जातात. सरकारी महाविद्यालयांत १५ टक्के जागा देशभरातल्या मुलांसाठी असतात, त्यामुळं राज्यभरातल्या दवाखान्यांत कुठं केरळचा, कुठं राजस्थानचा तरुण डॉक्टर भेटतो. असाच एक. दवाखाना कुठला ते सांगत नाही, तात्यांना अजून सगळीकडं जायचंय.

आमच्या एका अण्णांनी त्याला सांगितलं, "छातीत कळ येती."

"कल आती है?" डॉक्टरनं विचारलं. "आज नहीं आती?"

"आजबी आली. रोजच कळ येती."

"रोज कल आती है," त्यानं मान हलवली. पोरगं बुद्धिमान होतं, पण हे काळाचं गणित त्याला सुटेना. तात्या मधे पडले. हिंदी हा त्यांचा जुना अभिमान, निजामाकडून वारशानं आलेला. "डाक्टरसाब," ते म्हणाले, "ये कल वो कल नहीं. ये कल आज की कल है."

पोरानं पेन खाली ठेवलं, उठला, अण्णांपाशी आला, आणि त्यांचा हात धरून म्हणाला, "दिखाओ." अण्णांनी दाखवलं. मूठ आवळून छातीच्या मधोमध ठेवली, मग डाव्या खांद्यावरून कोपरापर्यंत बोट फिरवलं. पुढं सगळं झटपट झालं. ईसीजीची पट्टी काढली, अण्णांना भरती केलं, अण्णा आज म्हशी राखतात. त्या दिवशी खोलीत तात्यांच्या हिंदीइतकंच निरुपयोगी काही नव्हतं, आणि तात्या अजून सांगतात की हिंदीनंच अण्णा वाचले.

त्यांना गावात प्रतिस्पर्धी एकच, आमची आशाताई. आशाचं काम गाव २००५ नंतर ओळखायला लागलं, पण पाटोद्याच्या पलीकडं जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासूनच हा उद्योग मांडला होता. गावातलीच बाई निवडायची, बहुधा निरक्षर, तिला शिकवायचं, आणि दारोदार तिनं बोलायचं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. आशाताई तात्यांपेक्षा कमी बोलते. ओट्यावर बसते, शेंगा सोलू लागते, आणि अर्ध्या शेरभर शेंगा होईस्तोवर बाईचं सगळं दुखणं तिच्यापुढं आलेलं असतं. तात्यांचं म्हणणं, "हिला शेंगांतच रस हाय."

आता एक गोष्ट, जी तात्या सांगत नाहीत.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. मुकादमाची उचल घरात आलेली, ऊसतोडीला निघायची तयारी. वाडीवरची एक सून, तिशीच्या आतबाहेरची, दोन लेकरांची आई. अंगावरून जायचं, ओटीपोटात दुखायचं. फडात एक दिवस नागा झाला की खाडा कापतात, आणि कोयता नवराबायकोचा मिळून एक धरतात. ती बसली की दोघं बसले. तात्या तिला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरनं सोनोग्राफी केली आणि म्हणाला, पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सरही होऊ शकतो, काढलेली बरी. बोलला तो तात्यांकडं बघून. सून भिंतीपाशी उभी होती.

"टाका काढून," तात्या म्हणाले. "सीझन तोंडावर आलाय."

जून २०१९ मध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी माहिती दिली: बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी दवाखान्यांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या. पुढं पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मग नियम आला, खासगी दवाखान्यात पिशवी काढायची तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी. त्या दिवसांत तात्या माझ्या दुकानाच्या बाकावर बसून होते. त्यांनी मला बातमी दोनदा वाचायला लावली. दुसऱ्यांदा आकडे सावकाश वाच म्हणाले. मग टोपी घातली.

"त्यातल्या एकीला मी हो म्हणलोय," ते म्हणाले, आणि उठून गेले.

दोन महिने तात्या कुणाच्या सोबत गेले नाहीत. गाव अडून राहिलं. तिसऱ्या महिन्यात एका पोराला फेफरं आलं आणि तात्यांची पिशवी परत खांद्याला लागली. पण त्यांच्यात एक खोड नवीन आली. डॉक्टरनं काहीही सांगितलं की ते विचारतात, "कामून?" रक्त तपासा. कामून? सलाईन लावू. कामून? हे त्यांना इतकं आवडलं की आता ते कंडक्टरलाही विचारतात. काही डॉक्टर चिडतात. काही जण सांगायला लागतात, आणि सांगता सांगता, हे मी स्वतः पाहिलंय, चिठ्ठीवरची एखादी तपासणी खोडतात.

गेल्या साली तालुक्याला एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पेशंटशी बोलणं, वागणं, नीती हाही विषय घातलाय. त्या पहिल्या खेपेतल्या त्या. तात्या नेहमीप्रमाणं स्टुलावर बसले. बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी सोबत हाय."

"म्हणूनच. सोबत बाहेर बसते."

अशी नामुष्की तात्यांनी अठ्ठ्याहत्तर वर्षांत पाहिली नव्हती. ते बाकावर बसले आणि भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले. आतून मावशीचा आवाज येत होता. आधी पुटपुट, मग सलग, मग चक्क हसू. अकरा मिनिटं. शेवटी बाई म्हणाल्या, "आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा, मावशी. मला नीट सांगता आलं का, ते बघायचंय." मावशीनं सांगितलं. गोळी कोणती, कधी, एकादशीला राजगिऱ्यावरही चालते, गूळ नको. गूळ नको हे तिनं जरा मोठ्यानं सांगितलं. बाकापर्यंत ऐकू यावं म्हणून असेल.

परतीच्या गाडीत तात्यांनी खिडकी मागितली नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते एकटेच तालुक्याला गेले. सोबत कुणी पेशंट नाही, हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं. तिथं काय झालं ते मला नंतर बाईंच्या कंपाउंडरकडून कळलं. स्टुलावर न बसता तात्या म्हणाले, "आमच्याकडं एक पेशंट हाय. वय अठ्ठ्याहत्तर. चढ चढला की छातीत कळ येती, डाव्या हाताला उतरती. थांबलं की थांबती."

"पेशंट कुठं आहे?"

"बाहेर हाय."

बाई उठल्या, दारातून बाकाकडं पाहिलं. बाक रिकामा होता. त्या परत येऊन बसल्या.

"बरं. पेशंट तंबाखू खातो का?"

"खातो. सोडतो म्हणायलाय."

"घरात कुणाला सांगितलंय?"

"न्हाई. घाबरतील."

"पेशंट घाबरलाय का?"

तात्यांनी टोपी काढली, हातातल्या हातात फिरवली. "उलसक," ते म्हणाले.

"मग असं करू. पट्टी काढावी लागेल. पेशंटच्या वतीनं तुम्हीच झोपा."

तात्या झोपले. तीन दिवस भरती राहून, गोळ्या घेऊन घरी आले. त्यांचे कागद औषधासाठी माझ्याकडं आले तेव्हा मी बघितले. पेशंटचं नाव म्हणून तात्यांचं नाव होतं. सोबत आलेल्या माणसाचं नाव म्हणूनही तात्यांचंच होतं. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं: शेजारी.